बिनडागाची बरणी

साखऱ्याजवळचा तांडा
४ जानेवारी

मंजुषाताई, जय सेवालाल.

रिकाम्या बरण्यांच्या खोक्यात हे पत्र घालून एस.टी.नं पाठवतेय. फोन केला असता, पण आमच्या तांड्यात रेंज येते ती फक्त देवळाच्या ओट्यावर, आणि ओटा कधी रिकामा नसतो. तिथं बोललेलं चहाला उकळी यायच्या आत घराघरात पोचतं. मला हे कोणाच्या कानावर जायला नको आहे.

तुमच्याकडे बाळापूरला राहून शिकले तसाच मऊ मध केला. तुरीच्या फुलोऱ्याचा मध गाळून घेतला, तुम्ही दिलेला जुना गोठलेला मध विरजणासारखा त्यात घातला, रोज ढवळला आणि बरण्या भरल्या. मध छान घट्ट झाला. पण आता काचेच्या आतून पांढरे डाग आलेत. आधी टिकल्यांएवढे होते, आता झाडाच्या फांद्यांसारखे वर चढत चाललेत. वरती फेसाचा पांढरा थर आहे तो वेगळाच.

माझी आई, आमची याडी, म्हणते ही बुरशी आहे, मध नासला. मी वास घेऊन पाहिला, आंबट येत नाही. पण तिनं एकदा म्हटलं की माझंही मन खातं. ताई, तुम्हाला ठाऊक आहे, सासर सोडून भावाच्या घरी आल्यापासून या घरात माझं म्हणावं असं त्या मधमाश्यांच्या पेट्यांशिवाय काही नाही. विकास चांगला आहे, वहिनीही वाईट नाही. पण माझ्या हातचा मध नासतो असं ठरलं तर मी इथं कशाच्या जोरावर राहू?

आणखी एक. त्यातला मध घरात थोडा खाण्यात आलाय. त्यानं काही होईल का? लवकर लिहा. मला भीती वाटतेय.

तुमची,
निता

■

आखाडा बाळापूर
८ जानेवारी

निता,

तुझं पत्र वाचून आधी घाबरले आणि मग पोट धरून हसले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो तुझ्याच तांड्यात राहायला आलेला दिसतो. बुरशी नाही गं ती.

खरं सांग, बरण्या लवकर गोठाव्यात म्हणून तू त्या रात्रभर गच्चीवर ठेवल्यास ना? तुला दम धरवत नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मध गोठताना अंग चोरतो. हळूहळू गोठला तर काचेला धरून राहतो. एकदम गार पडला की आकसून काचेपासून सुटतो, मधल्या फटीत हवा शिरते, आणि तिथली मधाची साखर कोरडी पडून पांढरी दिसते. डाग म्हणायचे तर तेवढेच. आत चमचा घालून बघ, मध जसाच्या तसा मऊ असेल. वरचा फेस तर तुझ्या रवीनं केलाय. ताक घुसळल्यासारखा मध घुसळलास की त्यात हवा कोंडते. लाकडी पळीनं सावकाश ढवळायचं, मग भांडं झाकून दिवसभर स्वस्थ ठेवायचं, वर आलेला फेस काढायचा आणि मग बरण्या भरायच्या. भरलेल्या बरण्या गोधडीत गुंडाळून ज्वारीच्या कणगीला टेकून ठेव, म्हणजे थंडी अंगावर येणार नाही.

मध नासला तर तो लपून राहत नाही. आंबूस वास येतो, बुडबुडे सुटतात, झाकण फुगतं. तुझ्यात यातलं काही नाही. तेव्हा डोळे मिटून खा, लहानथोर सगळ्यांना दे.

रूपाबाईंचा विश्वास बसावा म्हणून माझी एक बरणी याच खोक्यात पाठवतेय. तिच्यावर एकही डाग नाही. त्यांना म्हणावं, तुमची लेक पुढच्या खेपेला असाच मध करील.

मंजुषाताई

■

तांडा
१५ जानेवारी

ताई,

तुमची बरणी सुखरूप पोचली. किती देखणी आहे, नुसता लोण्याचा गोळा. याडीनं ती उन्हात धरून चारी बाजूंनी पाहिली आणि म्हणाली, ‘‘याला म्हनत्यात मध.’’ मग माझ्या डागाच्या सगळ्या बरण्या पाटीत घालून ओढ्यावर नेल्या आणि दगडावर फोडल्या. तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं होतं, पण तिनं ऐकलं नाही. तुम्ही बरोबर ओळखलंत, मी त्या गच्चीवरच ठेवल्या होत्या.

घरात लहानाला बरं नाही. पोट साफ होत नाही, नीट खाणंपिणं नाही, मलूल पडून असतं. माझा मध खाण्यात आल्यावरच हे सुरू झालं असं वहिनीला वाटतं. मिना तोंडानं म्हणत नाही, पण माझ्या हातचं पाणी घेईनाशी झालीय. म्हणून आता घरात तुमच्याच बरणीतला मध चालू आहे.

लहानांना चालतो ना, ताई? तुम्ही लिहिलंय, तरी पुन्हा एकदा लिहा. दुसरं काही विचारू नका.

निता

■

आखाडा बाळापूर
१९ जानेवारी

निता,

चालतो गं बाई, चालतो. आमच्या गल्लीतली पोरं तर पळी चाटायला रांग लावतात. संक्रांतीत मिनाच्या छकुलीनं बोरं आणि हरभऱ्याचे घाटे किती खाल्ले ते आधी मोज. पाच वर्षांचं पोरगं, त्याचं पोट धरणारच. कोमट पाण्यात माझ्या बरणीतला चमचाभर मध कालवून सकाळी दे, मोकळं होईल. आणि मिनाचं मनावर घेऊ नको. लेकरू आजारी पडलं की आईला कोणीतरी रागवायला लागतंच.

बरण्या फोडल्या हे ऐकून मात्र जीव हळहळला. चांगला मध होता.

इकडे माझी थोरली बाळंतपणाला आलीय. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई आशाबाई, आतापासून सोन्याची अंगठी रिठ्याच्या पाण्यानं घासून ठेवून बसल्यात. आमच्या घरात बाळाच्या जिभेला पहिली चव आजी-पणजीच्या अंगठीवरच्या मधाची. या वेळी मध माझ्या हातचा असणार. मी पण वेडी, त्यासाठी एक बरणी निवडून बाजूला ठेवलीय.

मंजुषाताई

■

आखाडा बाळापूर
२४ जानेवारी

निता,

हे पत्र घेऊन आमचे हे, विजयकुमार, मोटरसायकलवर तुझ्याकडे निघालेत. पोस्टाची वाट बघण्यासारखं हे नाही. तोंडी निरोप दिला असता, पण चार माणसांत तुला खरं बोलता येणार नाही आणि यांना धड विचारता येणार नाही. म्हणून लिहिते. एकटी बसून वाच, पण लगेच वाच.

आज सकाळी नर्सबाई थोरलीला तपासायला आल्या होत्या. आत्याबाईंनी कौतुकानं अंगठी दाखवली, मधाची बरणी दाखवली. नर्सबाईंचा चेहराच उतरला. म्हणाल्या, वर्षाच्या आतल्या लेकराला मधाचं बोटसुद्धा लावायचं नाही. मी म्हटलं, मध घरचा आहे, शुद्ध आहे. त्या म्हणाल्या, शुद्ध असला तरी नाही. मातीत एक जंतू असतो, त्याचं बी मधात असू शकतं. डोळ्यांना दिसत नाही, वासाला कळत नाही, तापवून मरत नाही. मोठ्यांच्या पोटात ते रुजत नाही. कोवळ्या पोटात रुजतं आणि त्याचं विष अंगातलं बळ काढून घेतं. आधी पोट धरतं, मग लेकरू दूध ओढेनासं होतं, पापण्या जड होतात, रडणं बारीक होतं, मान टाकतं. त्यापुढं श्वास.

‘पोट धरतं’ म्हणाल्या आणि मी तशीच उठले. तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली. तू कुठंही छकुलीचं नाव लिहिलेलं नाहीस. ते मी घातलं. दिवाळीला तुमच्याकडे आले होते तेव्हा मिना सारखी आतल्या खोलीत होती, पोटावरून पदर घेऊन. मिनाची छकुलीच्या पाठची दोन लेकरं गेलीत हे तूच मला सांगितलं होतंस. निता, तुमच्या घरात तान्हं बाळ आहे का?

विकासचा फोन लावला तर तो रूपाबाईंनी उचलला. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘‘समदं बराबर हाय,’’ आणि बंद केला.

बाळ असेल तर मध आत्ताच्या आत्ता बंद कर. डाग असलेला, डाग नसलेला, तुझा, माझा, सगळा. तसंच उचलून मोठ्या दवाखान्यात न्या, आणि डॉक्टरला मधाचं खरं सांगा. कोणी काय म्हणेल याचा विचार करू नको. हे सगळं माझ्या मनाचे खेळ असतील तर खुशाल मला हस. देव करो आणि तू मला हसावंस.

मंजुषाताई

■

नांदेड, दवाखान्याचा व्हरांडा
३० जानेवारी

ताई,

मी हसले नाही. तुम्ही ओळखलंत ते खरं आहे.

मिनाला दिवाळीनंतर मुलगा झाला. आधीची दोन गेली म्हणून याडीनं ठरवलं होतं, या वेळी तांड्याबाहेर कोणाला कळू द्यायचं नाही. नाव ठेवलं तेही घरातल्या घरात, आणि बाहेर ते घ्यायचं नाही. दृष्ट लागते. तुम्हालासुद्धा सांगू नको म्हणून मला शपथ घातली होती. म्हणून मी ‘लहान’ एवढंच लिहीत राहिले. सव्वा महिना झाल्यावर याडी रोज सकाळी त्याच्या जिभेला मधाचं बोट लावायची, बोली गोड व्हावी म्हणून. मध माझा होता. ते बोट बघून मला किती बरं वाटायचं. वाटायचं, या घरात माझं काहीतरी त्याच्या पोटात जातंय.

मग त्याचं पोट धरलं, आणि त्याच वेळी बरण्यांवर डाग दिसले. आम्ही सगळे डागाला भ्यालो. डागाच्या बरण्या ओढ्यावर फोडल्या आणि तुमची उघडली. तिच्यावर एकही डाग नव्हता, ताई. याडी रोज बरणी पदरानं पुसून मग बोट बुडवायची. तुमचं दुसरं पत्र आलं तेव्हा कोमट पाण्यात मध कालवून वाटी-चमच्यानं मीच त्याला पाजला. माझ्या हातानं. निम्मं बाहेर आलं, तर मी पुन्हा पाजलं.

दुसऱ्या दिवशी तो दूध ओढेना. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. रडायचा तर मांजराच्या पिल्लाएवढा आवाज. हिंगोलीला नेलं, तिथून इकडे पाठवलं. डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं, मध चाटवलाय का? याडी म्हणाली, न्हाई. त्यांनी पुन्हा विचारलं. याडीनं देवाची शपथ घेतली. मी तिच्या शेजारी उभी होते आणि गप्प राहिले.

बाहेर आल्यावर याडी माझ्या कानात म्हणाली, ‘‘तुझा मध नासका व्हता हे कळलं तर तुला पोलीस धरून नेत्याल. एक लेकरू तिकडं पडलंय, दुसरं कसं देऊ?’’ आयुष्यात कधी तिनं मला लेकरू म्हटलं नव्हतं. मी त्या एका शब्दाला धरून बसले. तोवर त्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं होतं.

तुमचे विजयभाऊ तांड्यावर गेले तर घराला कुलूप. शेजारी विचारून हिंगोलीला गेले, तिथून नांदेडला आले. चेहरा धुळीनं माखलेला. या व्हरांड्यात पत्र माझ्या हातात दिलं, ‘वाच’ म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले. मी वाचलं आणि सरळ डॉक्टरांकडे गेले. सगळं सांगितलं, चमच्याचंसुद्धा. वाटलं होतं ते ओरडतील. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत, आता काय शोधायचं ते कळलं. तपासणीला पाठवलंय. मधानंच झालं असं ते छातीठोक सांगत नाहीत, पण खुणा सगळ्या त्याच आहेत म्हणतात. विष उतरून अंगात बळ येईपर्यंत यंत्रच त्याच्यासाठी श्वास घेणार. किती आठवडे ते सांगता येत नाही. बळ येईल का, हे मी विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

मिना दाराबाहेर बसलीय. खिडकीतून आत बघते आणि परत बसते. काल एवढंच म्हणाली, ‘‘तुमी दोन दिवस काहून गप बसला?’’ त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

ताई, आत यंत्राचा आवाज येतो तोवर बरं वाटतं. मधेच कोणी दार लावलं आणि आवाज बंद झाला की माझा जीव जातो.

निता

■

आखाडा बाळापूर
१२ फेब्रुवारी

निता,

तुझं पत्र आल्यापासून रोज लिहायला बसते आणि फाडते. काय लिहू? मी तुला ब्रह्मराक्षसावरून हसले. तो खरंच तुझ्या पाठी होता आणि मीच त्याला चमचा दिला. काचेवरचे डाग कशानं येतात एवढं मला पक्कं माहीत होतं, म्हणून वाटलं सगळंच माहीत आहे. तू दोनदा विचारलंस. कोणतं लहान, केवढं लहान, एवढं मी उलट विचारलं असतं तर? मिना मला शिव्या देत असेल तर तिला देऊ दे. मी तिच्या पायावर डोकं ठेवायला यायला निघाले होते, पण त्याच दिवशी थोरलीच्या पोटात कळा सुरू झाल्या.

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. पण त्या दिवसाचं तुला सांगायलाच हवं, कारण तुझ्या पत्राशिवाय ते तसं घडलं नसतं.

दवाखान्यातून घरी आलो. मी पाणी तापवायला मागं गेले आणि परत आले तर आत्याबाई बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या. एका हातात अंगठी, शेजारी मधाची वाटी. नर्सबाईंचं सांगणं त्यांनी कानाआड केलं होतं. मी धावत जाऊन वाटी उचलली आणि मोरीत ओतली. मध मोरीत ओतलेला आमच्या घरात कोणी पाहिला नव्हता. आत्याबाई भडकल्या. म्हणाल्या, ‘‘आमी समदे याच बोटावर वाढलो. काहून मेलो न्हाई?’’

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘जगले तेवढेच तुमी मोजता, आत्याबाई.’’

त्यांनी अंगठी मुठीत धरली. मला वाटलं फार लागलं, माफी मागावी. थोड्या वेळानं त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, नर्सबाई पापण्यांचं काय म्हणाल्या होत्या. मी सांगितलं. मग त्यांनी मला जे सांगितलं ते यांनासुद्धा माहीत नव्हतं. यांच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. दुसऱ्या महिन्यात त्यानं दूध ओढायचं सोडलं. पापण्या उचलायचा नाही. सगळ्यांनी म्हटलं, बाहेरचं झालं. इतकी वर्षं त्या एका शेजारणीला मनात दोष देत आल्या होत्या, ती बिचारी कधीच मेली. कशानं गेला ते आता कोणाला कळणार? कदाचित दुसरंच काही असेल. पण त्या अंगठीकडे बघत राहिल्या आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

मग त्यांनीच अंगठी पुन्हा धुतली. थोरलीला म्हणाल्या, एक थेंब दे. तिच्या दुधात अंगठी बुडवली आणि बाळाच्या ओठांना लावली. म्हणाल्या, चव पणजीच्याच अंगठीची राहिली, मध तेवढा बदलला.

घरात पेढे वाटलेत, पण मला गोड लागत नाही. मी बाळाच्या नाकाशी हात धरून बसते, श्वास लागतो का बघते. थोरली हसते मला. तुझ्याकडून काही कळत नाही. विकासच्या फोनवर लावते, तो उचलत नाही. चांगलं असो, वाईट असो, एक ओळ लिही.

मंजुषाताई

■

तांडा
६ मार्च

ताई,

उशीर झाला. लिहिण्यासारखं काही नव्हतं, नुसतं बसणं होतं. तुमचं पत्र मिनाला वाचून दाखवलं. आशाबाईंचं आलं तेव्हा ती उठून पाणी प्यायला गेली, पण परत आली आणि म्हणाली, पुढं वाचा.

यंत्र काढायचं ठरलं त्या सकाळी डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. नळी निघाली आणि आतून काहीच आवाज येईना. विकास भिंतीकडे तोंड करून उभा होता. याडीनं पदर तोंडात कोंबला होता. मी देवाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. मग खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, आणि मग तो रडला. घोगरा, भसाडा, पण मांजराच्या पिल्लाचा नाही, ताई, माणसाच्या पोराचा. इतका रडला की नर्स हसायला लागली.

परवा घरी आणलं. मान अजून पूर्ण धरत नाही, दूध पिताना दमतो. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल, पण बळ येईल. काल मिनाला अंघोळीला जायचं होतं. याडी जवळच बसलेली होती, पण मिनानं तिच्याकडे न देता त्याला आणून माझ्या मांडीवर ठेवलं. मी हलले नाही, हात बधिर झाला तरी हलले नाही.

पेट्या मी विकायच्या म्हणत होते. विकास म्हणाला, राहू दे. करडईच्या फुलोऱ्याचा मध भरलाय. या वेळी गच्ची नाही, रवी नाही. तरी एका बरणीवर थोडा पांढरा डाग आलाच. तो मी तसाच ठेवलाय. प्रत्येक झाकणावर मात्र माझ्या हातानं लिहिलंय, वर्षाच्या आतल्या लेकराला देऊ नये. याडीला वाचता येत नाही, तर आल्यागेल्याला झाकणावर बोट ठेवून तीच पाठ म्हणून दाखवते.

आणि तिनं माझी शपथ सोडवली. म्हणाली, लपवलं म्हणून डॉक्टरलाबी सांगायला झालं न्हाई, आता समद्यांला सांग. परवा ओट्यावर उभं राहून तिनं स्वतःच दहा जणांना सांगितलं.

तेव्हा तुम्हालाही सांगते. आमच्या बाळाचं नाव थावरा आहे. आशाबाईंना सांगा, विजयभाऊंना सांगा, गल्लीत सांगा. मोठ्यानं सांगा.

तुमची,
निता